फळ्यावरचं दुसरं वाक्य

आदरणीय संस्थाध्यक्ष वैजनाथराव, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती प्राध्यापक नसीमबानू मॅडम आणि आज चक्क वेळेवर आलेल्या श्रोतेहो,

मी रंगनाथ, मॅडमचा तत्त्वज्ञान विभागातला सहकारी. मानपत्र वाचण्याचं काम माझ्याकडे आहे. नोटिशीचा विषय काढू नका, अशी प्रेमळ सूचना मघाशी चहाबरोबरच मिळाली. पण तो सोडून मॅडमबद्दल काय बोलायचं? त्यांच्या हस्ताक्षराबद्दल?

मध्ययुगातल्या विचारवंतांना, मग ते अरब असोत, ज्यू असोत की आपल्याकडचे, एक पेच छळत होता. दयाळू हा शब्द आपण माणसांवरून शिकतो. कात्रजच्या स्टॉपवर अनोळखी म्हातारीला छत्रीत घेणारा, तो दयाळू. हाच शब्द देवाला लावला तर देव त्या छत्रीवाल्याएवढा होतो. नाही लावला तर निर्दय ठरतो. म्हणून मॅडम दरवर्षी वर्गात फळ्यावर 'देव दयाळू आहे' असं लिहून खोडत. खाली 'देव दयाळू नाही' असं लिहून तेही खोडत. मग म्हणत, "आता विचार करायला लागा."

यंदा कुणीतरी मधेच फोटो काढला. पहिलं वाक्य खोडलेलं, दुसरं शाबूत. फळ्यासमोरच्या बाईंचं नाव नसीमबानू, त्यामुळे फोटो जरा जोरात पळाला. संस्थेनं देवनिंदेची नोटीस दिली. देव दयाळू आहे असं लिहून सही करा, प्रकरण मिटवू.

मी भित्रा माणूस. म्हटलं, "मॅडम, द्या ना लिहून. एक ओळ तर आहे."

त्या म्हणाल्या, "अहो, नमाजात मी रोज त्याला दयाळू म्हणूनच हाक मारते. पण भीतीनं लिहून दिलं, तर तो शब्द त्याच्यासाठी राहत नाही. तुमच्या अध्यक्षांसाठी होतो."

उद्या त्या निवृत्त होतायत आणि नोटीस तशीच आहे. मला याची लाज वाटते. देवनिंदेचा ठपका ठेवून ज्यांना आपण घरी पाठवतोय, त्यांनाच शाल कोणत्या तोंडानं पांघरवायची?

या मानपत्रात त्यांना 'ज्ञानसागर' म्हटलंय. वैजनाथराव, मजकूर आपणच मंजूर केलात. नोटीस मागे घेतली, एवढं आपण या सभागृहाला सांगा, मी लगेच वाचतो. तोवर ते घडी करून माझ्या हातात राहील.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर ते माझं, मॅडमचं नव्हे, पदरात घ्यावं. माईक चालू आहे, वैजनाथराव. मी इथंच बाजूला उभा राहतो.