नवऱ्याच्या छातीवरची फुफ्फुसं

हसणार नसाल तर सांगते. लग्नाला दोन महिने झाले होते आणि सोमवारी माझी नर्सिंगची तोंडी परीक्षा होती. हृदय-फुफ्फुसांची ती इंग्रजी नावं काही केल्या डोक्यात बसेनात. शेवटी शनिवारी दुपारी नवऱ्यालाच समोर बसवलं आणि मार्करनं त्याच्या छातीवर सगळं काढून नावं लिहिली.

"घासलं की जातंय," असं मीच सांगितलं होतं. गेलं नाही.

रविवारी निपाणीच्या जैन मंदिरात आमच्या घरचा दर महिन्याचा अभिषेक होता. पुरुषांना धोतर आणि अंगावर नुसतं उपरणं. ह्यानं ते थंडी वाजल्यासारखं आवळून धरलं होतं, पण कलश उचलायला दोन्ही हात लागतात. उपरणं घसरलं आणि मी बायकांच्या मागं सरकले.

एक म्हातारे कंपाउंडर चष्मा लावून जवळ गेले.

"अजित, ह्ये कुणी काढलंय रं?"

"बायकोनं. उद्या परीक्षा हाय तिची."

"मग नापास हुतीय की! उजव्या फुफ्फुसाचे भाग तीन, डाव्याचे दोन. समोर बसून काढलं न्हवं, उलटं झालंय सगळं."

सासरे शेजारीच उभे होते. शिक्षण पुरं करू देतो, असा शब्द त्यांनी लग्नात दिला होता. आता तो मोडतात, अशी भीती मनात धरूनच घरी त्यांना चहा दिला.

"पोटाची परीक्षा कवा हाय?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात, मामा."

"मग त्या येळंला अभिषेक मी करतो. अजितला तू ठेवून घे."