युनियनचा गुप्त ग्रुप

म्या चुगली केली न्हाई असं गळा फोडून सांगितलं, पण एकीचाबी विश्वास बसला न्हाई. आमी अंगणवाडीच्या मदतनीस. आमच्या डोंगरात रेंज नसती, आणि पोरांच्या हजेरीचा फोटो वेळेत आला न्हाई की सुपरवायझर मॅडम आमची गैरहजेरी लावतात. म्हणून युनियनच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ठरलं, की कुणाला पत्ता न लागू देता सोमवारी वेल्ह्याच्या ऑफिसात मॅडमना घेराव घालायचा. आमी पोचलो तर दाराला कुलूप. मॅडम सकाळीच दौऱ्यावर गेलेल्या.

मार्गासनीला परत आलो तशी आमची अध्यक्ष शालन माझ्यावरच घसरली. "मॅडम तुझ्या घरी चहा पिऊन जातात. तूच फितूर झालीस. आजपासून तू युनियनमध्ये न्हाईस."

म्या म्हणलं, "चौथी शिकले असले तरी नावं वाचता येतात मला. आण तो मोबाईल. ग्रुपात कोण कोण हाय ते बघू."

एकेक नाव मोठ्यानं वाचत गेले आणि मधीच थांबले. "ह्या मॅडम हितं काय करत्यात?"

आमच्यातली सुमन हळूच म्हणाली, "अगं, हा पोरांच्या हजेरीचे फोटो टाकायचा ग्रुप. मॅडमनीच केलेला. नवा करायचा कंटाळा आला, म्हणून नुसतं नाव बदलून युनियन केलं."

"कुणी केलं?"

सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या. मला युनियनमधून काढायला निघालेली, आमची हुशार अध्यक्ष, शालन.