चौथी लोंबी

पनवेलच्या स्टँडवर रुथबाई उरणच्या एस्टीची वाट पाहत रांगेत उभ्या होत्या. पुढं गुणाबाई काखेत नवंकोरं घमेलं घेऊन उभी. रांगेतल्या तिच्याच गावच्या दयारामला राहवेना; रुथबाई ऐकू लागल्या.

"परवा नव्याची पुनव, आन् तू सनाचं सोडून घमेलं घेतलंस?"

"घेतलं."

"खाडीनं बांध फोडला, शेतं खारी झाली. यंदा दाराला बांधाया कसलं नवं भात?"

"उंचवट्यावर भाताच्या चार लोंब्या वाचल्यात, दादा. एक दाराला बांधनार, एक विहिरीला, एक नांगराला."

"आन् चौथी?"

"फुटल्या बांधावर खुंट रोवून, त्याला."

"त्यानंच तर घात केला!"

"म्हनून त्यालाच. शेजारी घमेलं ठेवनार. पाया पडाया येल त्यानं आदी घमेलंभर माती टाकायची."

"गाव हसंल."

"हसूं दे. हसत हसत टाकूं दे."

"मी आलो तर?"

"तू दोन टाक. तुजं शेत बी त्याच बांधाआड हाय."