उतारावरचं कपाट

...नाही, पण घड्याळ जमिनीवर ठेवतं का हो कुणी? भिंतीला टेकवूनसुद्धा नाही, चक्क उताणं! म्हणजे किती वाजले बघायला माणसानं ओणवं व्हायचं, ओणवं झालं की चष्मा घसरणार, तो उचलून पुसेपर्यंत दोन मिनिटं पुढं... तुम्हाला सांगतो, आमच्या ताईनं अशी अकरा वर्षं काढली. कारण आमचे भाऊजी. भाऊजी कारखान्यात सुरक्षा अधिकारी. आता सुरक्षा अधिकारी जगात काय कमी आहेत? पण बाकीचे संध्याकाळी घरी आले की साधी माणसं होतात. भाऊजी होत नाहीत. एकदा कारखान्यात वरच्या फळीवरून पान्हा पडला, त्यांच्या बुटापासून चार बोटांवर, आणि त्या दिवसापासून त्यांनी एकच वाक्य धरलं... ‘वर ठेवलेली वस्तू म्हणजे अजून न पडलेली वस्तू.’

शास्त्र पक्कं हं त्यांचं. ते म्हणतात, आपण डबा उचलून फळीवर ठेवतो तेव्हा आपला जोर जातो कुठं? डब्यात. तो तिथं दबा धरून बसतो, ती स्थितिज ऊर्जा. डबा सुटला की तोच जोर वेग होऊन खाली येतो, ती गतिज. आणि या दोघींच्या मधे कोण, तर ताईचं डोकं. हे सगळं ते ताईला सांगायचे कधी, तर जेवताना, अगदी शांतपणे, वरण वाढून घेत घेत.

झालं. घरात गुडघ्याच्या वर काही ठेवायचं नाही. फळ्या उखडल्या, कॅलेंडर घोट्याशी आलं, छताचा पंखा उतरवून कोपऱ्यात चादरीत गुंडाळला, आणि उन्हाळाभर ताईनं वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घ्यायचा. कपडे जमिनीवर, भांडी जमिनीवर, पाहुणे आले की बसायला जागा शोधत नाहीत हो, पाय टेकायला शोधतात! ताईनं काही म्हटलं की आहेच... वर ठेवलेली वस्तू म्हणजे अजून न पडलेली वस्तू.

शेवटी एके दिवशी ताई थांबली. ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, “अकरा वर्षं मी तुमच्या विजारींवरून उडी मारून चहा करते आहे. आता या घरात कपाट येईल, नाहीतर मी जाईन.”

भाऊजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा, वरून न येणाऱ्या गोष्टीला घाबरले. गेले सुताराकडे. पण तिथंही अटी. कपाट उचलायचं नाही, कारण उचललं की ऊर्जा साठते, म्हणून त्याला चाकं हवीत, मोठी, रबरी. सुतार म्हणे, साहेब, कपाटाला चाकं मी आजवर लावली नाहीत, पण तुम्ही म्हणता तर लावतो.

रविवारी सकाळी टेम्पोतून कपाट आलं, फळीवरून घसरवत दाराशी उतरवलं आणि सुतारानं चाकाला वीट लावली. आता गंमत ऐका. भाऊजींनी घरातली एकूण एक उंची मोजलेली होती, पण घर कुठं होतं? रस्त्याच्या माथ्यावर! दारापासून उतार तो थेट खाली न्हाव्याच्या दुकानापर्यंत, आणि तिथून समोर जवळजवळ तेवढाच चढ, डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत. रस्ता वापरून वापरून मधे पन्हळीसारखा दबलेला. भाऊजी टेप घेऊन कपाटात शिरले, खालच्या कप्प्यात बसले, बिजागऱ्या बघायला दार ओढून घेतलं, आणि फटीतून त्यांना वीट दिसली. आतून आवाज... “रस्त्यात वीट कुणी ठेवली? कुणाला ठेच लागेल. काढा ती.”

सुतार आज्ञाधारक. त्यानं काढली.

तुम्हाला सांगतो, आधी ते कपाट नुसतं हललं, मग चाललं, मग पळायला लागलं, शिंप्याच्या दारावरून गेलं, सायकलवरच्या दूधवाल्याला मागं टाकलं, आतून भाऊजी कारखान्यातल्या आवाजात ‘पिवळ्या रेषेच्या मागं उभे राहा’ म्हणतायत, रस्त्यावर पिवळी रेषाच नाही, न्हावी वस्तरा वर धरून तसाच उभा, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं बाहेर, आणि कपाट त्यांच्या समोरून जे गेलं ते चढावर चढलं, हळू झालं, आणखी हळू... दवाखान्याच्या पायरीच्या जरा अलीकडं थांबलं. दार उघडलं. आत भाऊजी, हातात टेप. पायरीवर कंपाउंडर.

“नंबर लावायचाय का?” कंपाउंडर म्हणाला.

“नाही, निघालोच,” भाऊजी म्हणाले, आणि खरंच निघाले. उलटे!

पुन्हा न्हावी, पुन्हा अर्धी दाढी, पुन्हा चढ, आणि शिंप्याच्या दाराशी ताई उभी होती तिथं कपाट क्षणभर थांबलं. भाऊजींनी डोकं बाहेर काढलं. ताईला वाटलं, आता हे उतरतील, माझा हात धरतील. ते म्हणाले, “दोन घरं कमी आलो. घर्षण.” आणि गेले परत खाली. तिसऱ्या खेपेला कंपाउंडरनं लांबूनच सांगितलं, तुमचा नंबर होऊन गेला.

असं कमी कमी होत कपाट शेवटी न्हाव्याच्या दुकानासमोर उभं राहिलं. ताई उतार उतरून गेली. घरातून जाईन म्हणालेली बाई, पण आता आत काय दिसेल याची भीती... तिनं दार उघडलं. भाऊजी गुडघे हनुवटीला लावून बसलेले, केस उभे, आणि हसत होते. अकरा वर्षांत ताईनं हा माणूस हसताना बघितला नव्हता.

“वर ठेवलेली वस्तू म्हणजे...” ते म्हणाले आणि अडकले.

“म्हणजे काय?”

“म्हणजे... अगं, तू एकदा बसून बघ.”

त्याच दिवशी घड्याळ भिंतीवर गेलं, पंखा छताला लागला, फळ्या परत ठोकल्या. ताईचे कपडे? ते साध्या, बिनचाकाच्या कपाटात. आणि सुताराकडून या चाकांच्या कपाटात आणखी एक बैठक करून घेतली, गादीची, शेजारी शेजारी. दर रविवारी सकाळी दोघं दार लावून घेतात आणि सुटतात. बसू देत बिचारी, माझं काही म्हणणं नाही. पण ऊर्जा काय आपोआप साठते का हो? कपाट कुणीतरी खालून वर ढकलत न्यावं लागतं, असं शास्त्र आहे... आणि त्या रस्त्यावरचं शास्त्र म्हणजे मी.