धिरड्याचं चित्र

…न्हाई, पण मला एक सांगा, गोल हाय, एकावर एक रचलंय, वर लोण्याचा गोळा, कडेनं काकवी ओघळायली, ह्याला गंगाखेडातला माणूस धिरडं न्हाई म्हणणार तर काय म्हणणार? फोनमधल्या त्या बारक्या चित्राचं बोलायलोय मी. आमची छबूबाई, म्हंजे आमची मंडळी, रामहरीकडं पुण्याला गेलीय, नात सांभाळायला. पोराचं घर हाय, जाऊ द्या म्हणलं. आता तिला लिहिता येत न्हाई, मला वाचायला येळ लागतो, अन् फोनवर बोलावं तर सून शेजारी, मग बायको नुसती हं हं करती. नातीनं तिला चित्र धाडायला शिकवलं. रोज सकाळी माझा फोन टुण्ण करायचा, बघावं तर धिरडं. तुमाला सांगतो, उभा जन्म तव्यावरचं पहिलं धिरडं तिनं माझ्या ताटात टाकलं, अन् आता एवढ्या लांब बसून चित्र टाकायली… जीव केवढासा होतो माणसाचा. मी लगेच अंगठा धाडायचो. म्हंजे पोचलं बाई, पोट भरलं. कुणी इचारलं, हे काय? मी म्हणायचो, धिरडंच की ते.

मग आली एकादशी. त्या दिवशी बी चित्र आलं. आमी दोघं माळकरी, आमच्यात एकादशीला धिरडं कोण खातंय? जरा खटकलं मला. पण मी म्हणलं, तिनं खाल्लं कुठंय, नुसती आठवण काढली. आठवणीला उपास असतो काय? अन् त्या खुशीत मी ते चित्र भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, अन् संध्याकाळी ऐटीत देवळात गेलो. टाळ घेतला, तर शेजारचा सरकून बसला. शेवटी आमचा पखवाजवाला बन्सीधर मला खांबामागं घेऊन गेला. त्याचा जावई हैदराबादला हॉटेलात आचारी हाय.

"वैजीनाथ, त्यात अंडं असतंय."

"कशात?"

"तुझ्या धिरड्यात. पॅनकेक म्हणतेत त्याला, जावयाला इचारलं मी. आज एकादशीला सगळ्या मंडळाला अंडं खाऊ घातलंस बाबा तू."

मी म्हणलं, अरं, धिरडंच की ते… अन् टाळ तिथंच ठेवून निघालो. घरी येऊन फोन लावला. सून बाजारात गेली होती, म्हणून बायको मोकळं बोलली. इतकं मोकळं, की वाटलं सून असती तर बरं झालं असतं.

"तू ते खातीस काय गं?"

"खाते की. पोरगी एकटी खात न्हाई. म्हणती, आजी आधी तू, मग मी."

"अन् गळ्यातली माळ?"

"काढून देवापुढं ठेवते. चूळ भरली की घालते."

"एकादशीला बी?"

"त्या लेकराला एकादशी कळती व्हय?"

आता ह्याला दगा न्हाई तर काय म्हणावं, तुमीच सांगा. मी इथं तिच्या नावानं काळं झालेलं, तव्याला चिकटलेलं धिरडं उलथन्यानं खरवडून खायलोय, अन् ही तिथं लोणी लावून… मी म्हणलं, खायचं ते खा, पण मला कशाला दाखवायलीस रोज?

तर म्हणती कशी, "तुमालाच तर दाखवायचं. चोरून खाल्लं असतं तर पाप लागलं असतं. आधी तुमाला धाडायचे, तुमचा अंगठा आला की मगच घास घ्यायचे."

घ्या. मी ज्याला आठवण समजायलो, तो अर्ज होता, अन् मी रोज सकाळी उठून त्यावर अंगठा करायलो. भांडावं कुणाशी? मी म्हणायचो धिरडंच की ते, अन् ती म्हणायची मालकांची परवानगी हाय.

मागच्या आठवड्यात आली ती चार दिवसांसाठी. आली तशी चुलीपुढं बसली, पहिलं धिरडं माझ्या ताटात टाकलं. तुमाला सांगतो, असं मऊ, असं फुगलेलं धिरडं उभ्या जन्मात आमच्या घरी झालं न्हवतं. ह्यात काय घातलंस, असं इचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं दुसरं वाढलं. आता उघडलेलं तोंड, मोकळं कशाला ठेवायचं… खाल्लं.