आधी हात धर

ऐका, पण आधी त्या बॅटऱ्या विझवा. माझ्या पडवीत बसायचं तर अंधाराला सरावायचं. आणि ती चूल नीट धरा पोरांनो, दाबू नका. कोल्ड्रिंकच्या दोन रिकाम्या डब्यांची बुडं कापून, एकात एक बसवून, कडेनं सुईनं भोकं पाडलीत. आत स्पिरिट ओतायचं, काडी लावायची. वजन सुपारीएवढं. कुणी शिकवलं? कुणी नाही! तुमच्यासारखे पठारावर कचरा टाकून जातात, त्यातून शिकले.

तर कार्तिकातली रात्र. वर तंबू टाकून बसलेल्या पोरांनी सहा चुली मागवल्या होत्या. दिवेलागणीनंतर मी त्या घेऊन निघाले, वाघजळीच्या नाळेनं. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली दगडगोट्यांची घळ. तिथंच तीन वर्षांपूर्वी आमचे मालक घसरून गेले. येसबा. नाव घेते, मला कसली लाज! वाट चुकलेल्यांना शोधायला गेले होते. ते सगळे परत आले. हे नाही आले.

काय म्हणालास रे? भीती नाही वाटली? अरे, भेटतील म्हणून तर रात्रीची निघाले!

चढले. एक उंबर लागला, बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड. पुढं गेले. परत तोच उंबर. तोच दगड. म्हटलं, चांगुणे, चुकलीस. परत चढले. परत उंबर! चकवा, दुसरं काय. चकवा लागला की माणूस उजाडेपर्यंत एकाच जागी फिरतं. घाम फुटला. बसले खाली.

आणि खोकला आला. माझा नाही हो, त्यांचा! दोनदा कोरडा, मग एक लांब. तीस वर्षं ऐकलेला, चुकेन मी?

"चांगुणे, च्या टाक की."

बघते तर समोर बसलेले. तीच घोंगडी, तसाच एक गुडघा पोटाशी. मी काही विचारलं नाही. विचारलं आणि गेले तर? चूल काढली, पत्र्याचा आडोसा लावला, टोप चढवला. निळा जाळ फुलला. मी बोलत सुटले. म्हैस विकली, कौलं बदलली, तुमच्या चपला अजून दाराशीच आहेत, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. जिवंतपणी एवढं कधी ऐकलं नव्हतं! तिथंच शंका यायला हवी होती.

मग म्हणाले, "तोंड दिसंना तुझं. बॅटरी लाव."

लावली.

"चूल इझली बघ. ओत आणखी."

पाहिलं. खरंच, जाळ दिसेना. बाटलीचं बूच काढलं...

थांबा. स्पिरिटचा जाळ उजेडात दिसत नाही, हे ध्यानात ठेवा. एकदा आमच्या मालकांनी असंच पेटत्या चुलीत ओतलं होतं. भडका उडाला, उजवा तळहात सोलून निघाला. तेव्हापासून मी बाटली उचलली की ओरडायचे, "आधी हात धर वर!" दर वेळी. मी चिडायचे.

आणि आज म्हणतात, ओत?

टोप उतरवला, वर हात धरला. चटका! चूल पेटलेलीच होती.

"अवं," मी म्हटलं, "उजवा हात दावा तुमचा."

पुढं केला. गुळगुळीत. एक वण नाही.

"ओत ना, चांगुणे." आवाज त्यांचाच. अगदी त्यांचाच. "ओत. मग दोघं संगंच बसू."

बूच लावलं. आणि पळाले, चुली-बिली तिथंच टाकून, मागं न बघता, गोट्यांवरून घसरत. मागं खोकला. उंबर आला, गेला, परत आला नाही. अंगणात पाय ठेवला तेव्हा कोंबडा आरवला.

म्हणून सांगते, अंधार पडल्यावर त्या नाळेनं जाऊ नका. कितीही घाई असो. मीही जात नाही. भुताला भिऊन नाही हं! पुढच्या वेळी ते "ओत" म्हणाले, तर मी आधी हात धरून बघायची नाही. एवढं मला ठाऊक आहे.