तिसरी सुरी

(अंबडच्या बाजाराला लागून कारभारी लोहाराची भट्टी. भात्यावर त्याची बायको सगुणाबाई. दुसऱ्या महायुद्धाची सालं, दिवाळी नुकतीच सरलेली. पुंजाराम धनगर कळप ओढ्याकाठी कुत्र्यांच्या भरवशावर सोडून आला आहे, आणि सुरी घेऊन कधी एकदा निघतो असं त्याला झालं आहे.)

सगुणाबाई: मामा, सुऱ्या काय भाकरीसंगं खाऊन राह्यलात का? पोळ्याला एक नेली, दसऱ्याला एक. आन् आज ही तिसरी!

पुंजाराम: हरवली.

कारभारी: सगुणे, तू भाता ओढ. गिऱ्हाइकाला असं इचारतं का कुणी? हरवली तर हरवली. मामा, ही बघा. मोटारीच्या कमानीचं पोलाद हाय. लढाईपायी पोलाद डोळ्याला दिसंना झालंय, पण तुमच्यासाठी ठिवलं. धरा.

पुंजाराम: हातात नको. खाली ठिव.

कारभारी: लोहाराच्या हातून चालतं मामा. आमचा धंदाच हाय ह्यो.

सगुणाबाई: बिलकुल चालत न्हाई. सुरी हातोहात दिली का माणसामाणसात तुटतं. एकानं भुईवर ठिवायची, दुसऱ्यानं उचलायची. ठिवा की, भुई काय भाडं मागून राह्यली तुम्हाला?

कारभारी: बरं, ही ठिवली. उचला.

पुंजाराम: लई जड हाय.

कारभारी: जडच पाह्यजे! वऱ्हाडात चालले ना कळप घेऊन? सात-आठ महिने रानात मुक्काम. बाभळीची फांदी एका दणक्यात खाली. आन् लांडगा आला तर?

पुंजाराम: लांडग्याला काठी आन् कुत्री. तो सुरीच्या टप्प्यात आल्यावर सुरी काढायला येळ कुठं ऱ्हातो? आन् फांदीला कुऱ्हाड हाय मह्याकडं.

कारभारी: मंग ही घ्या, पातळ. नखावर ठिवा, सरकणार न्हाई. हाताचे केस काढून दावू का?

पुंजाराम: केस न्हावी काढतो. ही लाकडात अडकली आन् जरा पिळली का मोडंल. मागच्या खेपेला दिली तशी दे. ईतभर पातं, पाठ जाड.

कारभारी: जाड पाठ कशाला?

पुंजाराम: गारगोटीवर मारली का ठिणगी पडती. काड्याची पेटी दवानं भिजती, पाठ भिजली तरी बिघडत न्हाई.

कारभारी: हे बराबर बोलला. तशी एक तयार हाय, ही ठिवली भुईवर. पण एक सांगू? बाजारात सोहनलाल शेठकडं मिटायचे चाकू आल्ते. खिशात ऱ्हातो, पडत न्हाई, हरवत न्हाई. मह्या धंद्याचं नुकसान, पण खरं ते सांगतो.

पुंजाराम: मिटायचा नको. सांध्यात रेती बसती, लोकरीचा चिकटा बसतो. एका हातानं उघडत न्हाई.

कारभारी: एका हातानं कशाला उघडायचा? देवानं दोन दिलेत!

पुंजाराम: दुसऱ्या हातात मेंढीचा पाय असतो. खुरातला काटा काढायचा का चाकू उघडीत बसायचं?

कारभारी: मेंढी तुमची घरधनीण सोनूबाई धरती ना? पाठीवर गुडघा दिऊन अशी धरती, जनावर हालत न्हाई. म्या डोळ्यानं पाह्यलंय.

पुंजाराम: आता मीच धरतो.

कारभारी: मंग सुरी?

पुंजाराम: दातात. म्हणून जड नको म्हणलं.

सगुणाबाई: आन् सोनूबाई कुठं गेल्या? दसऱ्याला बी दिसल्या न्हाईत. लेकीकडं ऱ्हायल्या का?

पुंजाराम: वैशाखात गेली. तिकडंच, पैनगंगेच्या काठाला. दोन दिवस ताप आल्ता.

सगुणाबाई: अगं माय! आन् पोळ्याला आल्ते तव्हा बोलला बी न्हाई?

पुंजाराम: कुणी इचारलं न्हाई.

कारभारी: ...मामा, म्या मघाशी दोन हाताचं बोललो, ते मनात धरू नका.

पुंजाराम: न्हाई धरलं.

सगुणाबाई: मंग औंदा वऱ्हाडात जाऊच नका. परतूरला लेक हाय ना तुमची? कळप इका आन् तिच्या वसरीला बसा. दोन टायमाची भाकर ती काय नको म्हणंल का?

पुंजाराम: लेकीच्या वसरीला मेंढरं नसतात. कळपात निदान कुणाला हाका मारायच्या ते ठावं हाय. दिवस जातो. सांज काही केल्या जात न्हाई. चुलीला तीन दगड मांडतो, भाकर टाकतो, आन् सवयीनं दोघांच्या दोन टाकून बसतो.

सगुणाबाई: तुमच्या जुन्या सुरीचं काय झालं? मह्या सासऱ्यानं केल्ती ती. तीस वर्षं टिकली म्हणायचे तुम्ही.

पुंजाराम: ती तिच्यासंगंच ठिवली. तिच्याच कमरंला असायची.

सगुणाबाई: आन् ह्या दोन? खरं सांगा मामा. तीस वर्षं एक सुरी सांभाळणारा माणूस दोन महिन्यांत दोन हरवत न्हाई.

पुंजाराम: हरवल्या न्हाईत.

कारभारी: मंग?

पुंजाराम: हाताची खोड हाय. काटा काढला का सुरी भुईवर ठिवायची. तिनं उचलायची, पदराला पुसायची, कमरंला खोवायची. तीस वर्षं असंच. आता बी काटा निघाला का हात सुरी खाली ठिवतो. मी मेंढी सोडतो, कळप हालतो, मी चालाया लागतो. कोसभर गेल्यावर ध्यानात येतं.

कारभारी: मंग माघारी जाऊन आणायची की!

पुंजाराम: गेल्तो. दुधनेच्या काठाला होती. जशी ठिवली तशीच. तितं कुणीच आल्तं न्हाई.

कारभारी: सापडली म्हणता! मंग?

पुंजाराम: बसलो तिच्यापशी. उचलाया हात गेला न्हाई. ठिवणारा मी. उचलायचं काम मपलं नव्हतं कारभारी. मी उचलली असती तर... मंग खरंच झालं असतं.

सगुणाबाई: आन् दुसरी?

पुंजाराम: तशीच. तितं तर माघारी गेलो बी न्हाई. ठावं होतं, तशीच असंल.

कारभारी: मामा, हे असं चालायचं न्हाई. औंदा वऱ्हाडात तुम्ही एकटे. साप चावला, पायात काटा भरला, मेंढी अडली, तर सुरी पाह्यजे का नको? तितं दहा कोसात लोहार न्हाई. सुरी गेली तर कळप जाईल, आन् कळपामागं तुम्ही.

पुंजाराम: ठावं हाय. म्हणून तर आलो.

सगुणाबाई: आवं, मुठीला भोक पाडा ना! लोकरीची दोरी ओवा, दुसरं टोक मामाच्या करदोड्याला. मंग इसरायचं म्हणलं तरी इसरता येणार न्हाई. चालाया लागले का सुरीच मागनं वढंल.

कारभारी: वा! हिला कधीमधी सुचतं. मामा, पातं मुठीच्या शेवटापतुर आख्खं हाय, भोक पाडलं तरी मूठ ढिली पडणार न्हाई. पाडू का?

पुंजाराम: ...पाड.

कारभारी: सगुणे, ओढ भाता. जल्दी. मामा, दोरी हाय का तुमच्यापशी?

पुंजाराम: ही घे. तिनंच कातल्ती.

कारभारी: ...झालं बघा. ओवली. आता दोरी कितीक ठिवू? हातभर पुरं. कमरंपसून तोंडापतुर बराबर पोचती, दातात बी धरता येईल. लांब ठिवली तर पायात गुतंल.

पुंजाराम: हातभर कमी पडंल.

कारभारी: मंग किती?

पुंजाराम: अजून सोड. अजून. सुरी भुईला टेकली पाह्यजे.